नॅचरल १ पडला की तलवार सुटावी का?

प्रश्न : आम्ही चार खेळाडू आणि एक डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर), दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून पात्रं रंगवण्याच्या खेळाची २०१४ची आवृत्ती खेळतो. पार्टी, म्हणजे आमच्या पात्रांची टोळी, पाचव्या लेव्हलवर आहे. आमचा घरचा नियम असा, की हल्ला करताना वीस बाजूंच्या फाशावर १ पडला तर हत्यार हातातून सुटतं. फायटर (लढवय्या) खेळणारा मित्र म्हणतो, हा नियम माझ्याच मुळावर येतो. बाकीच्यांना तसं वाटत नाही. काय करावं?
– सुदामानगर, इंदूर

उत्तर : मित्राचं म्हणणं खरं आहे. एका फाशावर १ पडण्याची शक्यता ५ टक्के. पाचव्या लेव्हलला फायटरला टर्नमध्ये (एका पाळीत) दोन हल्ले मिळतात, म्हणजे निदान एकदा १ पडण्याची शक्यता ९.७५ टक्के. अकराव्या लेव्हलला हल्ले तीन, शक्यता १४ टक्क्यांच्या वर. तलवारबाज जितका तयारीचा, तितकी त्याचीच तलवार जास्त वेळा पडणार, हे पटण्यासारखं नाही. विझर्डने (जादूगाराने) फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकला तर तो हल्ल्याचा फासा टाकतच नाही, सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) समोरचे टाकतात. म्हणून त्याला हा नियम टोचत नाही.

दुसरी गोची शिक्षेत आहे. २०१४च्या नियमांत टर्नमध्ये एक वस्तू ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) न खर्चता हाताळता येते. हत्यार पायाशी पडलं तर फायटर ते लगेच उचलतो आणि नियम नुसता वेळ खातो. तेच दहा फूट लांब उडालं, तर ते आणायला शत्रूच्या आवाक्यातून बाहेर पडावं लागतं आणि अपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे निसटताना शत्रूचा जादा वार, बसतो. शिक्षा एकतर फुसकी, नाहीतर फार जड.

तरी नियम मोडीत काढू नका. १ पडल्यावर टेबलाभोवती जो गलका होतो, त्यातच खेळाची गंमत आहे. नियम टर्नमधल्या पहिल्याच हल्ल्याला लावा. हत्यार सोडायला लावण्याऐवजी, पुढच्या टर्नपर्यंत त्या कॅरेक्टरवर होणाऱ्या पहिल्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरणं) द्या. राक्षसांनाही हाच न्याय. विझर्डला सामील करायचं असेल तर त्याने आधी नेमलेल्या एकाच शत्रूचा सेव्हिंग थ्रो बघा, त्यावर २० पडला तर तीच शिक्षा. सगळ्यांचे फासे धरलेत, तर आठ शत्रूंवरच्या फायरबॉलला ती शक्यता ३४ टक्के होते.

प्रश्न : नियम बदलला तर तो मोहिमेत आणण्याआधी तपासायचा कसा? चाचणीच्या लढाईत १ पडलाच नाही तर?

उत्तर : पडणार नाहीच बहुधा. चार फेऱ्यांत फायटरचे आठ हल्ले झाले, तरी एकदाही १ न येण्याची शक्यता ६६ टक्के आहे. १ किती वेळा पडेल, हे कागदावर कळतं. पडल्यावर टेबलावर काय होतं, तेवढंच खेळून बघायचं. म्हणून चाचणीपुरतं १ ते ४ यांपैकी काहीही पडलं तरी ते १ धरा. मोहिमेबाहेरची लढाई घ्या : चार ओगर (धिप्पाड राक्षस), आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) ११, प्रत्येकी ५९ हिट पॉइंट (सोसण्याची ताकद). कॅरेक्टर शीटच्या (पात्राच्या माहितीच्या कागदाच्या) झेरॉक्स वापरा. आकडे मुद्दाम बिघडवलेले असल्याने कोण जिंकलं याला अर्थ नाही. नियम लागला की किती मिनिटं गेली आणि कोणी काय विचारलं, एवढंच वहीत टिपा.

प्रश्न हमखास येतात. मंक मुठीने मारतो, त्याच्या हातून काय सुटणार? प्राण्याचं रूप घेणारा ड्रुइड अस्वल झालाय, त्याचा पंजा गळून पडतो का? जुना नियम इथेच अडतो, ॲडव्हान्टेजचा अडत नाही. उत्तरं जोडून नियम दोन ओळींत मावला नाही, तर तो अजून कच्चा आहे. मग हीच लढाई पुन्हा खेळा, पण विझर्डवाल्याच्या हाती फायटर द्या. एका वेळी एकच नियम तपासा, नाहीतर बिघडलं कशाने तेच कळत नाही.

प्रश्न : आमची मोहीम माळव्यासारख्या मुलखात आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततात, म्हणून दर टर्नला स्ट्रेंग्थ चेक (ताकदीचा फासा), डीसी (गाठायचा आकडा) १२, ठेवायचाय.
– विजयनगर, इंदूर

उत्तर : कल्पना छान आहे, फासे मात्र फार होतील. चार खेळाडू, चार शत्रू, चार फेऱ्या : ३२ जादा फासे. प्रत्येकाला १५ सेकंद धरले तरी ८ मिनिटं गेली. मूळ नियमांतलं डिफिकल्ट टेरेन (अवघड जमीन) इथे चपखल बसतं. दर फुटाला एक फूट जादा लागतो, ३० फूट स्पीडवाला १५ फूटच जातो आणि एकही फासा पडत नाही. रुतणं दाखवायचंच असेल तर डॅश करणाऱ्यालाच (ॲक्शन खर्चून जादा धावणाऱ्यालाच) चेक द्या आणि तो हुकला तर डॅशचं जादा अंतर काढून घ्या. डीसी १० पुरे. स्ट्रेंग्थ उणे १ असलेला (फाशातून १ वजा होणारा) विझर्ड १२वर ६० टक्के वेळा रुतेल, १०वर निम्म्या वेळा.