तीन एकर संत्रा, जुना ऑगर आणि ३८,००० रुपयांचं वेल्डिंग

काटोल तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: "नऊ एकर शेती आहे. ४२ एचपीचा ट्रॅक्टर आहे, त्याचे हप्ते मागच्या वर्षी संपले. खड्डे करायचं ६३ सीसीचं हाताचं पेट्रोल मशीन (ऑगर) घेतलं होतं, पण दगड लागला की असा हिसका बसते की खांदा कामातून गेला. यंदा तीन एकरांत नवीन संत्रा लावायचा आहे. रोही (नीलगाय) आणि डुकरांमुळे पूर्ण नऊ एकरांना तारेचं कुंपणही करायचं आहे. हिंगणा एमआयडीसीतला एक फॅब्रिकेशनवाला हेच मशीन ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या शाफ्टवर) बसवून देतो म्हणतो, ३८,००० रुपयांत. कंपनीचं ट्रॅक्टरचं पोस्ट होल डिगर १२ इंची बिटासह (जमिनीत फिरणाऱ्या पात्यासह) १,०५,००० ला आहे. भाड्यानं करून घेतलं तर आमच्याकडे खांबाचा खड्डा ३० आणि झाडाचा ४० रुपये. भाचा म्हणतो, आपलं मशीन असलं तर गावात भाड्यानं चालवून पैसे वसूल होतील. पैसे पीक कर्जातून काढू, की मुलीच्या ॲडमिशनसाठी ठेवलेली दीड लाखाची एफडी मोडू? आणि काहीच नाही जमलं तर जुनं मशीन विकून टाकू काय?"

भाऊ, एफडी मोडू नका. पीक कर्जाला हात लावू नका. आणि ते ३८,००० तर अजिबात देऊ नका.

आधी फॅब्रिकेशनचं बोलू, कारण तुमचा जीव त्यातच अडकलेला दिसतो. तुमच्या हातमशीनचं इंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेरे फिरतं. खालचा गिअरबॉक्स ते तीस-चाळीस पटीनं कमी करून बिटाला दोनशेच्या आसपास फेरे देतो. ट्रॅक्टरचा पीटीओ मुळातच ५४० वर फिरतो. तोच गिअरबॉक्स पीटीओला जोडला तर बिटाला मिळतील मिनिटाला १५-१८ फेरे. त्यानं खड्डा धड होणार नाही, माती नुसती घुसळली जाईल. म्हणून फॅब्रिकेशनवाला मध्ये पुली घालून फेरे वाढवू म्हणेल. तिथं दुसरी अडचण येते. हातमशीनचा गिअरबॉक्स दोन-तीन एचपीसाठी केलेला आहे. तुमचा ट्रॅक्टर पीटीओवर तीस-पस्तीस एचपी सहज देतो. मुरुमात बिट अडकलं की हातमशीनचं इंजिन बिचारं बंद पडतं, ट्रॅक्टर बंद पडत नाही. तो फिरवतच राहतो. मग गिअरचे दात जातात, नाहीतर बिटाचा तो बोटाएवढा दांडा पिळवटतो. कंपनीच्या डिगरमध्ये यासाठीच शिअर बोल्ट असतो. अडकलं की काही रुपयांचा बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. त्याचा गिअरबॉक्सही साधारण एकास तीनचा, म्हणजे ५४० चे १८० फेरे, आणि पूर्ण ताकद झेलणारा.

तेव्हा जुन्या मशीनमधलं इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला, बिट गेलं. उरलं काय? ३८,००० रुपयांची एक फ्रेम, आणि तिच्यासाठी नवा गिअरबॉक्स वेगळा घ्यायचा. जुनं वापरून पैसे वाचवतो आहोत असं वाटतं, पण जुन्यातलं त्यात काही येतच नाही.

दुसरा एक जुगाड लोक करतात. इंजिन तसंच ठेवून मशीन नुसतं ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला (थ्री पॉइंटला) टांगायचं, म्हणजे वजन आणि हिसका ट्रॅक्टरनं घ्यायचा. खांद्याच्या दृष्टीनं बरं आहे. पण लिफ्टचे हात सरळ वर-खाली होत नाहीत, कमानीत फिरतात. मशीन पक्कं जोडलं तर खाली जाता जाता बिट तिरपं होतं आणि खड्डा लांबट पडतो. कंपनीच्या डिगरचा गिअरबॉक्स बूमला पिनवर मोकळा टांगलेला असतो, म्हणून तो ओळंब्यात राहतो. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरची लिफ्ट फक्त उचलते, खाली दाबत नाही. एप्रिलमधल्या वाळक्या जमिनीत हलकं मशीन वरच नाचत राहील, आणि बाजूला ट्रॅक्टर उगाच डिझेल पीत उभा.

आता खरा हिशेब. तुम्हाला खड्डे किती हवे? पत्रात खड्ड्यांचे सगळे भाव आहेत, हा आकडा मात्र नाही. ६ बाय ६ मीटरवर संत्रा लावला तर एकरी ११२ झाडं, तीन एकरांत ३३६. नऊ एकरांचा धुरा (चारी बाजूंची हद्द), वावर साधारण चौकोनी धरलं तर, साडेसातशे मीटरच्या वर भरतो. दहा फुटांवर खांब म्हणजे अडीचशे. भाड्यानं झाडांचे १३,४४० आणि खांबांचे ७,५००. सगळे मिळून २१,००० च्या आत. ज्या कामाला २१,००० लागतात त्यासाठी तुम्ही ३८,००० की १,०५,००० याचा विचार करताय.

आणि ते ३३६ खड्डे तरी या बिटानं व्हायचे का? संत्र्याचा खड्डा दोन-अडीच फूट लांब-रुंद-खोल करायची आपल्याकडे रीत आहे. १२ इंची बिट पाडतं एक फुटाचं गोल भोक. खांबाला ते उत्तम, संत्र्याच्या कलमाला अपुरं. त्यात काळ्या भारी जमिनीत ओल असताना बिट फिरलं की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. पावसाचं पाणी तिथं मडक्यासारखं साचतं आणि मूळ बाहेर शिरत नाही. पाणी साचलेल्या बुडाशी डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. भारी जमिनीत संत्रा गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) लावावा असं तज्ज्ञ सांगतात ते याचसाठी. तुमचे ते तीन एकर भारी निघाले आणि गादीवाफे करायचं ठरलं, तर मशीनचे ३३६ खड्डे हिशेबातूनच उडाले. उरले खांबांचे अडीचशे, म्हणजे साडेसात हजारांचं काम. म्हणून मशीनच्या आधी त्या तीन एकरांत दोन-तीन ठिकाणी टिकास-फावड्यानं तीन फूट खोल उकरून बघा. खाली मुरूम किती फुटांवर लागतो, पाणी ओतलं तर किती वेळात जिरतं, हे बघून नागपूरला अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारून या. जाण्यायेण्याच्या पेट्रोलपलीकडे यात फारसा खर्च नाही.

भाच्याची कल्पना वाईट नाही, फक्त त्यानं एका खड्ड्यामागे हातात किती उरतात ते मोजलेलं नाही. खांबाचे ३० रुपये धरू. वावरात फिरत, ओळीत लावत, तासाला पंचवीस खड्डे झाले तरी चांगले म्हणायचे. तासाला साडेतीन लिटर डिझेल, नव्वदीच्या भावानं, म्हणजे खड्ड्यामागे साडेबारा रुपये. ड्रायव्हर आणि एक गडी मिळून दिवसाची रोजी हजार-अकराशे, दिवसाचे दीडशे खड्डे, म्हणजे सात रुपये. पाती, बोल्ट, ग्रीस यांचे दोन. उरले साडेआठ रुपये. स्वतःच्या शेतातही मशीन फुकट चालत नाही, खड्ड्यामागे साडेएकवीस रुपये जाणारच. त्यामुळे तुमच्या स्वतःच्या कामात वाचतात फक्त आठ हजार आणि काहीशे. १,०५,००० मधले उरलेले सुमारे ९७,००० वसूल व्हायला दुसऱ्यांचे ११,००० च्या वर खड्डे करावे लागतील. दिवसाला दीडशेनं पंच्याहत्तर दिवस, तेही रोज काम मिळालं आणि उधारी राहिली नाही तर. काम मिळतं ते मुख्यतः उन्हाळ्यात, मृगाच्या आधी. त्याच दिवसांत तुमचा ट्रॅक्टर तुमच्याच नांगरटीला, रोटाव्हेटरला हवा असतो.

भाड्याच्या धंद्याच्या दोन गोष्टी गावात कोणी बोलत नाही. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता असेल आणि अपघात भाड्याच्या कामावर झाला, तर क्लेम अडकू शकतो. पॉलिसी काढून वापराची अट वाचा, नाहीतर एजंटकडून लेखी घ्या. आणि असं भाडं प्राप्तिकरात शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही.

पीक कर्जाबद्दल थोडं कडक बोलतो. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला ७ टक्के व्याज. वेळेवर फेडलं की केंद्राची ३ टक्के सूट, आणि उरलेलं बहुतेक राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून. म्हणजे तुम्हाला ते पैसे जवळपास बिनव्याजी पडतात. इतके स्वस्त पैसे तुम्हाला दुसरीकडे कुठंच मिळणार नाहीत. ते मशीनमध्ये गेले की पेरणीच्या वेळी बियाणं-खत कृषी केंद्राच्या उधारीवर येतं, आणि त्या उधारीचं व्याज पावतीवर दिसत नाही, भावात दिसतं. मुदतीत भरणं चुकलं तर सवलत मशीनपुरती नाही, थकलेल्या सगळ्या रकमेवर जाते.

एफडीचं तर बोलूच नका. ॲडमिशनची तारीख पुढे ढकलता येत नाही, खड्डे ढकलता येतात.

आणखी एक. नवीन संत्रा हातात पैसा द्यायला पाच-सहा वर्षं घेतो. तोवर त्या तीन एकरांना ठिबक, कलमं, खत, फवारणी, मेलेल्या झाडांच्या जागी नवीन झाडं, हे सगळं बाकीच्या सहा एकरांच्या उत्पन्नातून जाणार. तुमच्या पत्रात मशीनचे तीन भाव आहेत, पण ठिबकचा एकही नाही. कुंपणाच्या तारेचाही नाही. खांब आणि तार यांचा खर्च खड्ड्यांच्या कितीतरी पट असतो. माझी काळजी तिथं आहे.

मशीन घ्यायचंच असेल तर मी कधी हो म्हणेन? एक म्हणजे अनुदान मिळालं तर. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात पोस्ट होल डिगरला सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्के, आणि महिला, अल्प-अत्यल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के मिळतं, ठरलेल्या कमाल मर्यादेत. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. नऊ एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारक नाही, पण सातबारा वहिनींच्या नावे असेल तर त्यांनी अर्ज करावा. पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी केली तर अनुदान गेलं. आणि पैसे आधी पूर्ण आपण भरायचे, अनुदान नंतर खात्यात येतं. वेल्डिंग करून बनवलेल्या यंत्राला यातलं काही मिळत नाही, कारण त्याचा टेस्ट रिपोर्ट नसतो. दुसरं म्हणजे शेजारचे तीन-चार जण भागीदारीत आले आणि प्रत्येकाचे खड्डे कागदावर लिहून दिले, तर. नुसतं "घ्या, आम्ही आहोतच" यावर नको.

यंदा मात्र खांबांचे खड्डे गुत्त्यानं द्या, आणि आधी एका दिवसाचं काम करून बघा. तुमच्या धुऱ्यावर दीडशे निघतात की ऐंशी, हे त्या संध्याकाळी कळेल. तो आकडा भाच्यालाही दाखवा. मशीन कोणाचंही असो, पीटीओ शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर नसेल तर काम सुरू करू देऊ नका. दुपट्टा किंवा धोतराचा सोगा गुंतायला क्षण लागत नाही. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा तुमचा आणि ड्रायव्हरचा, दोघांचा आहे का ते बँकेत विचारून घ्या.

जुनं मशीन विकू नका. त्याचे हाती काही येणार नाहीत. बाजारात अशा मशीनसाठी दोन चाकांचं स्टँड मिळतं, काही हजारांत. हिसका खांद्याऐवजी स्टँडवर जातो. त्याला सहा इंची बिट लावा आणि ट्रॅक्टर पोचत नाही त्या कोपऱ्यातले खांब, नाल्याकडचा धुरा आणि वाराआडोशाची झाडं त्यावर उरका. मुरूम लागला की थांबायचं आणि सब्बल घ्यायची.