घराणे ‘निर्वंश’ होते, की त्याचा वंश खुंटतो?

प्रश्न असा आहे : जर्मनीतील त्सेरिंगेन या मध्ययुगीन ड्यूक घराण्याविषयीच्या एका मराठी लेखात “हे घराणे १२१८ साली निर्वंश झाले” असे वाक्य आहे. ते बरोबर आहे का, की ‘नामशेष झाले’ किंवा ‘विलुप्त झाले’ असे लिहावे?

‘निर्वंश’ हे विशेषण मराठीत मुख्यतः माणसाला लागते. ‘तो निर्वंश वारला’ हे सरळ मराठी आहे, आणि ‘त्या घराचा निर्वंश झाला’ असा नामासारखा वापरही रूढ आहे, मात्र या दुसऱ्या वापराला शापवाणीचा वास येतो, त्यामुळे इतिहासलेखनात तो जपून करावा. घराण्याबद्दल लिहिताना ‘वंश खुंटला’ हा प्रयोग मला सर्वांत नेमका वाटतो. जर्मन इतिहासकार अशा प्रसंगी ‘इम मानेसश्टाम एरलोशन’, म्हणजे पुरुषवंशात विझलेले, असे लिहितात. त्यातील ‘श्टाम’ म्हणजे झाडाचे खोड, आणि आपले ‘खुंटणे’ही वाढीशीच जोडलेले असल्यामुळे अर्थ न ताणता जुळतो.

तरीही ‘त्सेरिंगेन घराण्याचा वंश खुंटला’ एवढेच लिहिले, तर भाषा सुधारेल आणि इतिहास चुकेल. १८ फेब्रुवारी १२१८ रोजी पाचवा बेर्टोल्ड वारला तेव्हा त्याचा एकही मुलगा हयात नव्हता, म्हणजे तो निपुत्रिक होता. त्याच्याबरोबर संपली ती ड्यूकपद धारण करणारी शाखा. याच घराण्यातील पहिल्या बेर्टोल्डचा मुलगा हेरमान याच्यापासून नैर्ऋत्य जर्मनीतील बाडेनचे मार्कग्राफ (सीमाप्रांताचे अधिपती) निघाले, आणि त्यांच्या वंशजांनी बाडेनवर थेट १९१८ पर्यंत राज्य केले. टेकच्या ड्यूकांची आणखी एक शाखा १४३९ पर्यंत टिकली. विशेष म्हणजे, ज्याच्यापासून ड्यूक शाखा चालली त्या दुसऱ्या बेर्टोल्डचा हेरमान हा थोरला भाऊ मानला जातो. देवासच्या पवारांमुळे आपल्याला ‘थोरली पाती’ आणि ‘धाकटी पाती’ हे शब्द परिचित आहेत. ते येथे वापरायचे तर १२१८ साली खुंटली ती धाकटी पाती, आणि थोरली पुढे सातशे वर्षे नांदली. म्हणून अशा लेखात ‘मुख्य शाखा’ म्हणण्यापेक्षा ‘ड्यूक शाखा’ म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

‘नामशेष’ हा शब्द येथे मोह पाडणारा आहे. १०९८च्या सुमारास प्रतिस्पर्धी श्टाउफर घराण्याशी झालेल्या तडजोडीत दुसऱ्या बेर्टोल्डने श्वाबिया या नैर्ऋत्य जर्मन प्रांताच्या ड्यूकपदावरचा हक्क सोडला, पण ‘ड्यूक’ ही पदवी आणि झ्युरिक स्वतःकडे राखले. पुढे ती पदवी कोणत्याही प्रांताला न जोडता फ्रायबुर्गजवळच्या त्सेरिंगेन किल्ल्याच्या नावाने चालली, आणि हेच नाव नंतरच्या काळात बाडेनच्या राज्यकर्त्यांनी आपल्या पदव्यांमध्ये मिरवले. शब्दशः पाहता ‘नाव तेवढे उरले’ असे म्हणता येईल. पण रूढ मराठीत ‘नामशेष’ म्हणजे पुरते नष्ट झालेले, आणि ब्राइसगाऊमधील फ्रायबुर्ग (११२०) व बर्न (११९१) ही या घराण्याने वसवलेली शहरे आजही गजबजलेली आहेत. मालमत्तेचे म्हणाल, तर मोठा भाग पाचव्या बेर्टोल्डच्या बहिणींच्या सासरी, म्हणजे आग्नेसमुळे उराखच्या आणि आनामुळे किबुर्गच्या काउंटांकडे गेला, तर बर्न थेट सम्राटाच्या छत्राखाली आले.

‘विलुप्त’ हा शब्द आपल्याकडे हिंदीच्या वळणाने आला आहे. मराठीत ‘लुप्त’ पुरेसा आहे, पण तो प्रथा, लिपी, नदी किंवा प्राणिजाती यांना शोभतो. घराण्याला लावल्यास वारस कसा संपला ही मुख्य गोष्टच झाकली जाते.

तेव्हा ते वाक्य मी असे लिहीन : “१२१८ साली पाचवा बेर्टोल्ड निपुत्रिक वारला आणि त्सेरिंगेन घराण्याच्या ड्यूक शाखेचा वंश खुंटला, बाडेनची शाखा मात्र पुढे चालू राहिली.”