बिलावर नाव कोणाचं?

«माई, सप्रेम नमस्कार. यावल तालुक्यात माझं ठिबक, पाइप आणि मोटरपंपाचं दुकान आहे. धंदा वडिलांपासूनचा. 2025च्या जूनमध्ये बिलिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं चाललं होतं. एका छोट्या कंपनीचा माणूस दुकानात येऊन कोटेशन देऊन गेला होता, तीन वर्षांच्या लायसनचे 17,999 आणि वर जीएसटी. चार-पाच दिवसांनी रात्री साडेअकराला सहज त्यांची साइट उघडली, तर तेच 1,799 ला. घेऊन टाकलं. केळीच्या मृगबागेच्या लागवडीचे दिवस, दुकानात गर्दी, म्हणून दुकानातल्या मुलाच्या नावा-नंबरावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी साइटवर रेट पुन्हा 17,999. कंपनीने आजवर काही विचारलेलं नाही. सॉफ्टवेअर झकास चालतं, सप्टेंबरात जीएसटी बदलला तेव्हा अपडेटसुद्धा आपोआप आलं. बायको म्हणते, फरक भरून मोकळे व्हा. वकील मित्र म्हणतो, करार कायद्याचं 22वं कलम आहे, एकट्या विकणाऱ्याच्या चुकीने सौदा मोडत नाही. मी म्हणतो, सॉफ्टवेअर म्हणजे कॉपीच तर असते, त्यांचं गेलं काय? गिऱ्हाईक चुकून जास्तीची नोट देऊन गेलं तर मी रस्त्यापर्यंत पळत जातो, तसा माणूस नाही मी. पण मनातून जात नाही. आम्हा तिघांत बरोबर कोण?
— एक दुकानदार»

भाऊ,

तुमचं तिघांचं नंतर बघू. आधी तो मुलगा.

एवढ्या मोठ्या पत्रात तो अर्ध्या ओळीपुरता येतो आणि जातो. वय नाही, घरचं काही नाही, त्याला विचारलं होतं का तेही नाही. कारण काय, तर गर्दी होती. अहो, साइट रात्री साडेअकराला पाहिली असं तुम्हीच लिहिलंय. मृगबागेची लागवड कितीही जोरात असो, रात्री साडेअकराला ठिबकच्या लॅटरल नळीचं बंडल घ्यायला तुमच्याकडे कोण उभं होतं?

नंबर त्याचा टाकलात म्हणजे ओटीपी त्याच्या मोबाइलवर गेला. म्हणजे तुम्ही त्याला त्या वेळी फोन लावला असणार. «एक मेसेज आलाय बघ, आकडे सांग पटकन.» शेठचा फोन म्हणून तो धडपडून उठला असेल, आकडे वाचून दाखवले असतील आणि परत आडवा झाला असेल. आपल्या नावावर काय घेतलं गेलं हे त्याला सकाळी कळलं असेल. तेही तुम्ही सांगितलं असेल तर.

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुमच्या धंद्यातली आहे, त्यामुळे तुम्हाला लगेच कळेल. सॉफ्टवेअरवर 18 टक्के जीएसटी. 1,799 वर सव्वातीनशेच्या आसपास होतो. बिल दुकानाच्या नावावर आणि दुकानाच्या जीएसटी नंबरावर असतं, तर त्याचं इनपुट तुम्हाला मिळालं असतं, म्हणजे तेवढा कर तुमच्या भरायच्या जीएसटीतून वळता झाला असता, आणि उरलेली रक्कम खर्चात धरता आली असती. मुलाच्या नावावरच्या बिलाचं ना इनपुट मिळत, ना ते सहज खर्चात बसत. वडिलांपासून धंदा करणारा माणूस हक्काचे सव्वातीनशे रुपये सुखासुखी सोडतो? मी तरी असा दुकानदार खान्देशात पाहिलेला नाही. तुम्ही सोडलेत, कारण दुकानाचं नाव त्या कंपनीच्या यादीत आधीच होतं, 17,999च्या कोटेशनसमोर. तेच नाव 1,799च्या बिलावर दिसलं असतं तर त्यांच्या माणसाच्या डोळ्यांत आलं असतं.

म्हणून «मला वाटलं ऑफर असेल» ही सबब तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, हे बरं केलंत. सॉफ्टवेअरवाले दिवाळीला, मार्चअखेरीला किमती पाडतात. अशा ऑफरमध्ये घेतलं असतंत, किंवा त्या माणसाला दुकानात बसवून, चहा पाजून, घासाघीस करून पाच हजारांत पाडलं असतंत, तर मी तुमची पाठ थोपटली असती. पण ऑफर घेणारा माणूस स्वतःचं नाव लिहितो.

तुमच्या वकील मित्राचं कलम खरं आहे. 1872च्या करार कायद्यात 22वं कलम तसंच सांगतं. पण त्यांना म्हणावं, मागे जाऊन 17वंही वाचा. नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक धरत नाहीत, तिथवर तुमची बाजू आहे. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं मात्र त्याच कलमात फसवणुकीत येतं. तुमचं प्रकरण यात कुठे बसेल ते न्यायाधीश सांगतील, आणि 16,200 रुपयांसाठी तिथवर कोणी जाणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. सिंगापूरला मात्र लोक गेले होते. जानेवारी 2003 मध्ये तिथल्या एका ऑनलाइन दुकानात 3,854 डॉलरचा लेझर प्रिंटर 66 डॉलरला दिसायला लागला. प्रशिक्षणात भरलेला आकडा चुकून खऱ्या साइटवर गेला होता. सहा मित्रांनी रातोरात मिळून 1,606 प्रिंटर मागवले आणि दुकानाने नकार दिल्यावर कोर्टात गेले. कोर्टाने त्यांचे त्या रात्रीचे आपसातले मेसेज वाचले. चूक आहे हे त्यांना कळलं होतं, असं ठरवून 2004 मध्ये त्यांचा दावा फेटाळला आणि 2005 मध्ये वरच्या कोर्टानेही तोच निकाल कायम ठेवला. तो निकाल आपल्याकडे बांधील नाही. पण त्या सहा जणांचं मन ओळखायला कोर्टाला ढीगभर मेसेज चाळावे लागले. तुमचं ओळखायला एक बिल पुरे.

«कॉपीच तर असते» म्हणता. मग 22 सप्टेंबरला काय झालं ते आठवा. घटस्थापनेचा दिवस, केळीच्या कांदेबागेच्या लागवडी चाललेल्या, आणि ठिबकचा जीएसटी 12 वरून 5 वर आला. पीव्हीसी पाइप 18 वरच राहिला. एकाच बिलात दोन दर, एक नवा आणि एक जुना. शेतकऱ्याला तेच बिल अनुदानासाठी महाडीबीटीवर चढवायचं, त्यात दर चुकला तर पुन्हा तुमच्याच दुकानाच्या पायऱ्या. त्या दिवशी तुमच्या यंत्राने बरोबर बिल काढलं, कारण कुठल्या तरी खोलीत बसून कोणीतरी एकेका मालाचा दर बदलून, तपासून तुमच्याकडे पाठवला होता. तुम्हाला ते «आपोआप आलं» असं वाटलं. कॉपीला खर्च येत नाही हे खरं, पण तुम्ही तीन वर्षांची देखभाल घेतली आहे, आणि तिचे पगार दर महिन्याला होतात.

आता कोणी म्हणेल, बिचारी छोटी कंपनी. मला तिची फार दया येत नाही. रात्री चढलेला आकडा ज्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी दिसतो आणि त्या वेळात कोणी काय घेतलं हे ज्यांनी आजवर पाहिलं नाही, त्यांना थोडा चटका बसला तर बसू दे. आणि घरच्या लक्ष्मीचंही कौतुक करायला मी तयार नाही. त्यांनी फरकाच्या पैशांचं बरोबर सांगितलं, पण मुलाच्या नावाचं त्यांच्याही तोंडून निघालं नाही. मुलगा रोज तुमच्या घरचा डबा घेऊन दुकानात येत असेल, तरीही.

मनातून का जात नाही, ते सांगते. पैशांचं असतं तर एव्हाना विसरला असतात, 16,200 ही काही तुमची झोप उडवणारी रक्कम नाही. तो मुलगा रोज सकाळी शटर वर करतो, अगरबत्ती लावतो, त्याच संगणकासमोर बसतो आणि त्याच्याच नावावरच्या सॉफ्टवेअरमधून तुमची बिलं काढतो. ते तुम्हाला रोज दिसतं. पाइपाच्या बंडलावर घेणाऱ्याचं नाव नसतं, ते कोणी घेतलं काय नि कोणी नेलं काय. लायसन मात्र ज्याच्या नावावर त्याचंच. कंपनीने उद्या हिशेब लावला तर फोन त्याला जाणार, मेल त्याला जाणार, «तुम्ही चुकीचा फायदा घेतलात» हे त्याला ऐकावं लागणार. तो काय सांगेल? शेठने सांगितलं म्हणून? तुमच्यासमोर तो तसं म्हणू शकणार आहे का?

आणि एवढं करूनही धाक वाटत नसेल, तर स्वतःच्या फायद्याचं ऐका. तुमच्या उधारीचं सगळं खातं, कोणाकडे किती हप्ते बाकी, ते आज त्या मुलाच्या मोबाइल नंबरावर चालतं. पासवर्ड विसरला की ओटीपी त्याला. हे पोरगं उद्या सुरतला नोकरीला गेलं, सिम बदललं, की तुमचं दुकान त्याच्या मागे फोन करत फिरणार. हुशारी हुशारी म्हणतात ती हीच का?

तेव्हा उद्या सकाळी, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत, तुमच्या स्वतःच्या मोबाइलवरून कंपनीला फोन लावा. कोटेशन दिलेल्या माणसाचा नंबर तुमच्याकडे आहेच. सांगायचं ते एवढंच: «मी अमुक दुकानाचा मालक. जूनमध्ये तुमचा रेट चुकला होता तेव्हा मी मुद्दाम आमच्या मुलाच्या नावावर लायसन घेतलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. ते माझ्या नावावर करा आणि बाकी पैशांचं बिल पाठवा.» «मुद्दाम» गाळायचं नाही. गर्दीचं परत सांगायचं नाही. फोन चालू असताना मुलाला चहा आणायला पाठवायचं नाही, तो तिथेच बसलेला असू दे. फोन ठेवल्यावर त्याच्याकडे वळून काय बोलायचं, हे तुम्हाला मी शिकवायला नको. तो तुमच्यापेक्षा लहान आहे म्हणून ते बोलणं टाळू मात्र नका.

कंपनीने फरक मागितला तर भरा, दुकानाच्या जीएसटी नंबरावर बिल घ्या आणि त्याचं इनपुट जरूर घ्या, ते तुमच्या हक्काचं आहे. आणि त्यांचा माणूस म्हणाला की राहू द्या शेठ, आमचीच चूक होती, तर पैशांचा विषय तिथे संपला. नाव तरीही बदलून घ्यायचंच. त्यानंतर पैसे ठेवावेत की द्यावेत, हे विचारायला मला दुसरं पत्र लिहू नका.

— माई