मराठी मॅन्युअलमध्ये कीबोर्डच्या की कशा लिहायच्या?

तुमच्या प्रश्नावरून असं दिसतं की पणजीच्या एका ग्राहकासाठी अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं मराठी मॅन्युअल तिघे मिळून लिहिताय, आणि कुठे 'कंट्रोल+एस', कुठे 'कंट्रोल-एस', तर कुठे 'कंट्रोल आणि एस' असं झालंय.

पहिल्या दोन्ही पद्धती रूढ आहेत. मायक्रोसॉफ्ट अधिक चिन्ह वापरतं, ॲपल जोडरेघ. तुमचे वाचक विंडोजवर आहेत आणि मराठी मजकुरात जोडरेघ एरवीही सारखी येते, म्हणून अधिक चिन्हच घ्या.

'आणि' मात्र शोधून शोधून काढा. खरा घोळ तिथे आहे. मी फोंडा, म्हापसा भागातल्या पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांना शिकवतो. काउंटरसमोर गिऱ्हाईक ताटकळत असताना ही माणसं मॅन्युअल उघडतात. 'ऑल्ट आणि एच दाबा' वाचून त्यांनी काय करायचं? दोन्ही एकदम दाबायच्या, की एकीमागून एक? एक्सेलमध्ये ऑल्ट दाबून सोडायचा, मग एच, मग डब्ल्यू; असं केलं की लांब मजकूर सेलमध्येच ओळी मोडून बसतो. कंट्रोल+एसला मात्र कंट्रोल दाबून धरावाच लागतो. वाचणाऱ्याला हा फरक चिन्हावरूनच कळायला हवा.

म्हणून एकत्र दाबायच्या तिथे अधिक चिन्ह आणि पाठोपाठ दाबायच्या तिथे 'मग' हा शब्द. बऱ्याच इंग्रजी मॅन्युअलांत 'मग'च्या जागी स्वल्पविराम असतो. तो तुम्ही घेऊ नका, कारण तुमच्याकडे देवनागरी टायपिंगचं प्रकरण येणारच. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड मांडणीत 'क्ष' हा क, हलन्त, ष अशा क्रमाने काढता येतो. त्यात 'क' के कीवर, हलन्त डी कीवर आणि 'ष' शिफ्टसह स्वल्पविरामाच्या कीवर आहे. आता 'के, डी, शिफ्ट+,' असं छापलंत तर शेवटचा स्वल्पविराम दाबायचा की नुसता वाचायचा? 'के मग डी मग शिफ्ट+स्वल्पविराम' यात शंकेला जागाच नाही. चिन्हांच्या की अशा नावानेच लिहा. झूम वाढवायलाही 'कंट्रोल+अधिक चिन्ह'.

आधी काम सांगा, मग की. टॅली या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल+ए दाबलं की व्हाउचर सेव्ह होतं, वर्डमध्ये त्याच कीने सगळा मजकूर सिलेक्ट होतो. तुमचे वाचक दिवसभर दोन्ही वापरतात. 'व्हाउचर सेव्ह करण्यासाठी कंट्रोल+ए दाबा' असं पूर्ण वाक्य हवं, नुसती की लिहून सोडू नका.

कीबोर्डवरची की आणि स्क्रीनवरचं बटण यांचं रूपही वेगळं ठेवा. 'डिलीट दाबा' म्हणजे नेमकं कुठलं डिलीट? बटणाचं नाव ठळक अक्षरांत द्या आणि कीचं नाव चौकटीत. वेब आवृत्तीत कीसाठी एचटीएमएलचा केबीडी टॅग, म्हणजे 'ही की आहे' असं सांगणारी खूण, आहे. तो सगळीकडे लावलात तर उद्या चौकटीचा रंग बदलायचा झाला तरी एकाच ठिकाणी बदलावा लागेल.

बऱ्याच लॅपटॉपवर एफ2, एफ8 साठी एफएन की धरावी लागते. ते सुरुवातीला एकदाच सांगा, प्रत्येक पानावर नको.

हे सगळं अर्ध्या पानात लिहून तिघांकडे ठेवा, आणि छपाईआधी पूर्ण मजकुरावरून एकाच माणसाचा हात फिरू द्या.