नुसतं पाणी आटून मिठाचे जाड थर तयार होतात का?

तुम्ही विचारलंय की प्राचीन सरोवर आटलं, तळाशी मीठ उरलं, एवढीच गोष्ट आहे का. नाही. साधा हिशेब करा. नदीच्या लिटरभर पाण्यात १०० मिलिग्रॅम क्षार धरले, तर मीटरभर खोल पाणी पूर्ण आटल्यावर उरणारा थर जेमतेम ०.०५ मिलिमीटर. मीटरभर जाड थरासाठी वीसेक किलोमीटर उंचीचं पाणी आटायला हवं! म्हणजे एकदा आटून भागत नाही. पाण्याला बाहेर जायला वाट नसलेलं खोरं हवं, त्यात नद्या हजारो वर्षं क्षार आणून ओतत राहायला हव्यात आणि खोऱ्याचा तळही हळूहळू खचत राहायला हवा, नाहीतर ते भरून जाईल.

माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या वायोमिंगचं. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तिथे गोसियूट नावाचं सरोवर होतं. आज त्याच्या गाळात ट्रोना या सोड्याच्या खनिजाचे, मीटरभर किंवा त्याहून जाड असे सुमारे २५ थर आहेत. जगातला हा सर्वांत मोठा साठा १९३८ साली तेलासाठी खोदलेल्या विहिरीत अचानक सापडला. दोन थरांमध्ये तेलयुक्त शेल आणि चिखलाचे खडक लागतात: पाणी चढलं की शेवाळाचा गाळ, उतरलं की ट्रोना.

पण तिथे जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) का नाही, सोडाच का? मिठागरात समुद्राचं पाणी आटतं तेव्हा आधी चुना, मग जिप्सम आणि बऱ्याच नंतर मीठ बसतं. सरोवरात मात्र सगळं पहिल्या पायरीवर ठरतं. कॅल्शियम आणि कार्बोनेट मिळून कॅल्साइट, म्हणजे वर म्हटलेला चुनाच, खाली बसतं. त्यात कॅल्शियम आधी संपलं, तर उरलेलं कार्बोनेट सोडियमबरोबर राहतं आणि सरोवर सोड्याचं होतं. कार्बोनेट आधी संपलं तर जिप्समची पाळी. कोण आधी संपणार, हे नद्या कुठल्या खडकांवरून येतात त्यावर असतं. ज्वालामुखीचे खडक आणि राख असली की बहुधा सोडा. शेजारच्या कोलोरॅडोत त्याच काळातल्या युइंटा सरोवरात तर नाहकोलाइट साचलं, म्हणजे चक्क खाण्याचा सोडा.

आपलं लोणारही बसाल्टमधलं, बाहेर वाट नसलेलं सोड्याचं सरोवर. तिथे ट्रोनाचे असे जाड थर नाहीत, पण तळाच्या गाळात गेलुसाइटचे स्फटिक सापडलेत. सोडियम-कॅल्शियमचं हे कार्बोनेट ज्या थरांत आहे, ते पाणी फार उतरलेल्या कोरड्या काळातले मानतात.