आधी गुगलवरची पाटी नीट लावा

ताई, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातलं तुमचं फराळाचं दुकान ऑनलाइन कसं आणायचं, असं विचारलंत ना? वेबसाइटची घाई नको. आधी गुगल बिझनेस प्रोफाइल काढा, म्हणजे गुगल सर्च आणि मॅपवर दिसणारी दुकानाची माहिती; ते फुकट आहे.

- नाव पाटीवर आहे तेच लिहा. 'बेस्ट चकली वडोदरा' असलं शेपूट जोडणं नियमाबाहेर आहे, प्रोफाइल बंद पडू शकतं. नवे लोक हमखास इथेच फसतात.
- मुख्य कॅटेगरी, म्हणजे दुकानाचा प्रकार, नेमकी निवडा.
- नवरात्र-दिवाळीतल्या बदललेल्या वेळा आठवणीनं भरा. कुलूप बघून परत गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

रिव्ह्यू बिनधास्त मागा, पण त्याबदल्यात सूट देऊ नका, गुगलला ते चालत नाही. 'चकली तेलकट होती' असं कुणी लिहिलं तरी शांतपणे उत्तर द्या. महिन्यात गुगलवर पहिला नंबर मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जाहिरातींचं नंतर बघू. जमेल तुम्हाला, आजच फोटो टाका!