बाथरूमला बाहेरची भिंतच नाही. एक्झॉस्ट बसवता येईल का?

येईल. फॉल्स सीलिंगच्या वर इनलाइन डक्ट फॅन (पाइपच्या मध्येच बसणारा पंखा) बसवा आणि 4 इंची पीव्हीसी पाइप बाहेरच्या भिंतीपर्यंत किंवा इमारतीच्या डक्टपर्यंत (सगळ्या मजल्यांना लागून असलेली उभी मोकळी पोकळी) न्या. फ्लॅट-दुरुस्तीच्या कामांत मी हेच करून देतो. 5 बाय 7 फुटांचं, 8 फूट उंच बाथरूम म्हणजे 280 घनफूट; तासाला 8 वेळा हवा बदलायची तर मिनिटाला साधारण 37 घनफूट ओढावी लागते. पाइप लांबला, वळणं वाढली की ओढ घटते, म्हणून दुप्पट क्षमतेचा पंखा घ्या. पाइपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, नाहीतर वाफेचं पाणी पंख्यातून टपकतं. डक्टमध्ये सोडत असाल तर तोंडाशी झडप हवीच. नसेल तर खालच्या मजल्यावरची फोडणी तुमच्या बाथरूममध्ये! दाराखाली बोटभर फट ठेवा. आत हवा येणारच नसेल तर पंखा नुसता घरघरतो. फटीशी उदबत्ती धरून बघा, धूर आत ओढला गेला पाहिजे. मात्र अशा बाथरूममध्ये गॅस गीझर पंखा असला तरी लावू नका; त्यातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.